लाभ, दोन, तीन…

फोन आला तेव्हा माझं सामान काउंटरच्या पट्ट्यावर मांडून झालं होतं. साखर, तूरडाळ, पोहे, कपड्यांचा साबण आणि सगळ्यांत पुढे बडीशेपेचं पाकीट. ते मी मुद्दाम पुढे ठेवलं होतं, कारण नंतर सांगते. मोबाइलवर संदीपचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं नाव दिसलं आणि मला वाटलं, अक्कांना काहीतरी हवं असेल. "काकू, आई गेली," एवढंच तो म्हणाला. काउंटरवरची मुलगी आपल्या नादात एकेक वस्तू यंत्रासमोर धरत होती, यंत्र टुक टुक वाजत होतं. मी पैसे दिले, बिल पर्समध्ये कोंबलं, पिशवी उचलली आणि सरळ रिक्षा केली. दुकानाच्या दाराशी सिमेंटचा एक बाक आहे, त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रिक्षा उस्मानपुऱ्याच्या चौकात अडकली तेव्हा लक्षात आलं की आज आपण बिल न तपासता बाहेर पडलो... इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि मग मात्र मला रडू आवरेना. रिक्षावाला बिचारा आरशातून बघत राहिला.

अक्का माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचं माहेर आणि आमचं सासर दोन्ही पाचोडच्या बाजूला, मोसंबीच्या पट्ट्यात. मी शहरातली, शाळेत भूगोल शिकवणारी. पर्जन्यछायेचा प्रदेश मी फळ्यावर वर्षानुवर्षं रंगीत खडूनं काढत आले, पण त्या रंगवलेल्या भागात आमची स्वतःची बाग येते हे मला खऱ्या अर्थानं कळलं ते लागोपाठच्या दुष्काळांत. विहिरीनं तळ दाखवला. दादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, झाडांना टँकरनं पाणी घातलं. अक्का प्रत्येक झाडाच्या आळ्यात तांब्यानं मापून पाणी ओतायच्या. मग एकदा टँकरवाला "परवा येतो" म्हणून गेला आणि त्याचा तो परवा उजाडलाच नाही. रोज संध्याकाळी अक्का रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहायच्या म्हणे. पानं वळली, फळं लिंबाएवढी होऊन गळली आणि शेवटी बाग तोडावी लागली. दोघं आमच्याकडे पुंडलिकनगरला आली. तेव्हा आम्ही गावाला औरंगाबादच म्हणायचो. दादांना एका नर्सरीत देखरेखीचं काम मिळालं. संदीप शिकत होता. राहता राहिल्या अक्का.

आमच्या घरात त्यांना करायला काही नव्हतं, आणि हेच त्यांचं दुखणं होतं. धुण्याभांड्याला बाई होती. स्वयंपाक मी शाळेत जायच्या आधी उरकायचे, कारण मला माझ्या ओट्यावर दुसऱ्याचा हात चालत नाही. असते एकेकाला खोड! नळाला पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं, तेव्हा पिंपं भरायला त्या सगळ्यांच्या आधी हजर. पण पिंपं भरली की पुन्हा रिकाम्या. शाळेतून यावं तर अक्का हॉलमधल्या खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. कधी टेकून बसत नसत. एस.टी.ची वाट बघणारं माणूस जसं पिशवी धरून बसतं, तशा. एकदा मी चहा दिला तर कप हातात धरूनच म्हणाल्या, "सुनंदा, मी हितं करू काय? नुसतं खाया-प्यायाला आल्यासारखं वाटतंय मला. जड जातोय बघ घास." मी म्हटलं, "अक्का, घर तुमचंच आहे." त्या हसल्या. आपलं घर असतं त्यात आपलं काम असतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. मला काही सुचत नव्हतं आणि त्या दिवसेंदिवस मिटत चालल्या होत्या.

त्याच सुमारास आमच्या भागात एक मोठं दुकान उघडलं. सुपरमार्केट. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या जागेवर ज्वारीचं रान होतं. मग प्लॉट पडले, मग बरीच वर्षं नुसती तारेची कुंपणं, आणि मग एकदम काचेची दारं आणि थंड हवा. एका रविवारी मी अक्कांना घेऊन गेले, खरं तर करमणूक म्हणून. त्या आत फिरल्या त्या हात मागे बांधून, वस्तूला न शिवता. मात्र फळ्यांवरच्या पाट्या वाचत होत्या. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण वाचन खणखणीत. "खोबरेल, मोठ्या बाटलीवर सूट... साबण, तिनावर एक फुकट..." सगळं जरा मोठ्यानंच. लोक वळून बघत होते आणि मी, कबूल करायला काय हरकत आहे, दोन पावलं पुढून चालत होते.

बाहेर आल्यावर त्या दाराशी त्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "वाच."

"काय वाचू?"

"ती पावती. तू वाच, मी काढते."

मी बिल वाचायला लागले आणि त्यांनी पिशवीतून पहिली वस्तू काढून बाकावर ठेवली. "लाभ," त्या म्हणाल्या. मग दुसरी. "दोन." मग "तीन." खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी सासऱ्यांना तसं मोजताना ऐकलं होतं आणि विसरूनही गेले होते. अक्कांना तर त्यांच्या वडिलांनी परकरात असल्यापासून खळ्यावर मोजायला बसवलेलं. मापं बाप्यांनी ओतायची, मोजणी अक्कांची. मी विचारलं, एक का नाही म्हणायचं? तर म्हणाल्या, "एक म्हणलं की माल एकटा पडतो. लाभ म्हणलं की मागून दुसरं येतं."

हे आमचं चाललेलं असताना काउंटरवरची मुलगी, रेश्मा तिचं नाव, दारापर्यंत आली. तिनं फक्त तो एक शब्द ऐकला असावा. "अम्मा, लाभ होना क्या? उसका कार्ड बनाना पडता. उधर काउंटर पे आओ." दुकानाची काहीतरी योजना होती आणि तिच्या कार्डाचं नावच लाभ कार्ड होतं! अक्कांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र असा खुलला की बाग तोडल्यापासून तसा मी पाहिला नव्हता. मला हळूच म्हणाल्या, "बघ, पोरगी खळ्यावरची दिसतीया." आणि पदर सावरून काउंटरशी जाऊन, नाव-गाव सांगून कार्ड करून घेतलं. पुढे कितीतरी दिवसांनी मी खुलासा केला, तरी त्यांचं मत तेच राहिलं. खळ्यावरची नसती तर तिला शब्द कळलाच कसा असता?

त्याच दिवशी पहिली चूक सापडली. खोबरेल तेलाला पाटीवर सूट होती, बिलात नव्हती. मी म्हटलं, जाऊ द्या हो अक्का, एवढ्याशासाठी परत कुठे रांगेत उभं राहायचं? मला आपली लाज वाटत होती, शाळेतल्या पोरांच्या आया तिथे खरेदीला येतात. अक्का बाकावरून उठल्या नाहीत की आवाज चढवला नाही. "आपुन सूट मागाया गेलतो का? पाटी त्यांनीच लावली. पाटी लावली म्हंजी शब्द दिला. दिलेला शब्द पाळावा मान्सानं." टँकरवाल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. मी मुकाट आत गेले. रेश्मानं पाटी बघितली, जीभ चावली आणि पैसे परत दिले. अक्कांनी त्या पैशांचं बडीशेपेचं पाकीट आणायला लावलं, भाजलेली, बिनसाखरेची, आणि तिथेच फोडून मला चिमूटभर दिली, रेश्माला दिली, दाराशी उभ्या रखवालदारालाही दिली. घरी आल्यावर त्या हॉलमधल्या खुर्चीत पाठ टेकून बसल्या. पहिल्यांदाच.

तेव्हापासून ते त्यांचं काम झालं. महिन्याचं सामान म्हणजे अक्का, अक्का म्हणजे बिल. सामानाच्या रविवारी त्या आधीच लुगड्याची घडी मोडून तयार. फळ्यांवरचे भाव त्या जाताना तोंडपाठ करायच्या आणि बाकावर मी बिल वाचताना डोळे मिटून ऐकायच्या. चूक आली की दोनच शब्द, "थांब. मागं जा." चुकाही तेव्हा भरपूर सापडायच्या. महिना बदलला की पाट्या बदलायच्या आणि संगणकात जुनाच भाव राहायचा. तिनावर एक फुकट म्हणायचे आणि चारही साबणांचे पैसे लावायचे. एकदा तर रांगेतल्या मागच्या बाईच्या ढकलगाडीतली मेथी आमच्या नावावर पडली. आमचे हे चिडवायचे, "वहिनी, दात कोरून पोट भरतं का कुठं?" त्यावर अक्का म्हणायच्या, "पोट नसंल भरत भाऊजी, पर दात तर सोच्छ व्हत्यात!" गल्लीतल्या बायका आपापली बिलं घेऊन येऊ लागल्या. मी शाळेतून यावं तर हॉलमध्ये दरबार भरलेला आणि मला माझ्याच घरात चहा करून सगळ्यांना द्यावा लागायचा. ओट्यावर दुसऱ्याचा हात न चालणारी मी, कधी त्यांना "अक्का, फोडणी बघा जरा" म्हणू लागले ते माझं मलाच कळलं नाही.

त्या काही संत नव्हत्या, हेही सांगायला हवं. एकदा चूक उलटी झाली, तुपाचा डबा बिलात आलाच नव्हता. अक्कांनी बिल ऐकलं, डबा बघितला, माझ्याकडे बघितलं. "आज ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, "ऊन लई झालंय." ऊन कसलं, ढग होते. घरी गेल्यावर डबा काही फोडला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर जायच्या आधी त्या डबा पदराखाली घेऊन बाहेर उभ्या. मला म्हणाल्या, "झोपच नाय आली बघ. मेलं ते तूप पोटात गेल्यावर काय केलं असतं मला?"

अशी वर्षं गेली. पुन्हा एक दुष्काळ येऊन गेला, मग पाऊसही बरा झाला. दादांनी गावाकडे कापूस-तूर धरली आणि ते जाऊन-येऊन राहू लागले. दुकानाच्या पलीकडे इमारती उठल्या, त्यांच्याही पलीकडे उठल्या. संदीपला नोकरी लागली, त्यानं उस्मानपुऱ्यात भाड्यानं घर घेतलं आणि आईला घेऊन गेला. पण साखरेच्या दुखण्यानं तोवर अक्कांचे डोळे मंद झाले होते. पाट्या दिसेनात. मग मी फळ्यांपाशी उभी राहून त्यांना भाव वाचून दाखवायचे आणि त्या मान हलवत मनात साठवायच्या. ते एक वेळ निभलं. खरी अडचण वेगळीच झाली. दुकान सुधारलं! नवी यंत्रं आली, पाट्या आणि बिलं जुळायला लागली. एक महिना चूक नाही, दुसरा महिना चूक नाही. मी बिल संपवायचे आणि अक्का विचारायच्या, "झालं? काय नाय?" मग म्हणायच्या, "बरं झालं," आणि वस्तू पिशवीत भरताना त्यांचा हात जड व्हायचा. एका रविवारी "गुडघा दुखतोय, तूच जाऊन ये" म्हणाल्या. मी सामान घेऊन त्यांच्याकडे गेले तर त्या खाटेच्या कडेवर बसल्या होत्या. टेकून नव्हे. कडेवर.

त्या दिवशी मी बिल वाचताना तांदळाचा भाव वाढवून सांगितला. अगदी सहज, अडखळलेही नाही. आणि मग, "थांब. मागं जा." त्यांचा तो आवाज! मी मागे गेले, पुन्हा तोच खोटा भाव वाचला. "पाटीवर काय म्हणलीस तू गेल्या खेपेला? न्हाई न्हाई, ते काय नाय, परत दे म्हणावं त्यांना." पुढच्या खेपेला त्या गुडघा विसरून दुकानात हजर. त्यानंतर दर महिन्याला मी एक चूक घालायची, हा माझा नेमच झाला. बाकावर अक्कांना बसवायचं, बिल घेऊन तावातावानं आत जायचं, पाण्याच्या बाटल्यांच्या मागे जरा वेळ उभं राहायचं आणि स्वतःच्या पर्समधले पैसे घेऊन बाहेर यायचं. "दिले गं बाई परत, पण किती हुज्जत!" रेश्माला मी विश्वासात घेतलं होतं. तीही दारात येऊन "सॉरी हं अम्मा" म्हणायची आणि ओठ घट्ट मिटून आत पळायची. मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, ह्यांनासुद्धा नाही. बडीशेप मात्र नियमित येत राहिली.

शेवटी शेवटी त्यांना खाटेवरून उठवेना. मी बाकावर एकटीच बिल तपासून सामान आधी उस्मानपुऱ्याला न्यायचे, मग घरी. उशाशी बसून बिल वाचायचं, वस्तू त्यांच्या हातात द्यायची, त्या चाचपून "लाभ" म्हणायच्या आणि चादरीवर ठेवायच्या. त्या दिवशी, म्हणजे आमची शेवटची भेट झाली त्या दुपारी, त्यांना फार धाप होती. मला वाटलं, आज यांचं लक्ष नाही. आज कसली चूक घालायची? मी खरंखुरं बिल वाचून संपवलं आणि सामान भरायला लागले. अक्का डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "आज घातली नाय व्हय?"

"काय, अक्का?"

"चूक."

माझ्या हातातलं पोह्यांचं पाकीट तसंच राहिलं. "तुम्हाला... कधीपासून कळलं?"

"तांदळापासून." त्या हसल्या, हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "अगं, खोटं बोलताना तू लई सरळ वाचतीस. खरं वाचताना अडखळतीस."

"मग बोलला कामून नाही तुम्ही?" मी त्यांच्याच बोलीवर आले.

"तू एवढ्या जिवानं घालायलीस. मी धरली नसती तर तुला किती वाईट वाटलं असतं?" मग माझा हात चाचपडून धरला. "पर एक सांगते. लई ढोबळ घालतीस बघ. पुढच्या खेपंला बारीक घाल. माझा कस लागला पायजे."

मी कबूल केलं. आणि महिनाभर, खरंच सांगते, मी बारीक चुकीच्या विचारात होते. वर्गात नकाशा शिकवताना तोच विचार. मग सुचली. बडीशेपेतच चूक घालायची! बक्षिसातच खोट कोण धरणार? तीही बिलात पहिल्याच ओळीला, लाभ म्हणायच्या जागेला, जिथे अक्कांचा सगळ्यांत जास्त विश्वास. एका पाकिटाऐवजी दोन म्हणायची. म्हणून त्या दिवशी मी बडीशेप पट्ट्यावर सगळ्यांत पुढे ठेवली होती. मनात हसतसुद्धा होते. तेवढ्यात संदीपचा फोन आला...

दिवस झाले, तेरावा झाला, दादा गावाकडे गेले. परवा दुपारी मी पर्स झाडायला काढली आणि ते बिल निघालं. अक्षरं जरा फिकी झाली होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून नजर फिरवली आणि लक्षात आलं की यातलं काहीच आता मोजता येणार नाही. साखर भेटायला येणाऱ्यांच्या चहात संपली होती. पोहे बाहेरगावच्या पाहुण्यांच्या नाश्त्यात गेले. डाळ शिजली, साबण त्या दिवसांतल्या धुण्यात झिजला. अक्कांच्या नावानं आलेल्या माणसांनी सगळं खाऊन-पिऊन टाकलं होतं. फळीवर चहाच्या डब्याशेजारी फक्त बडीशेपेचं पाकीट होतं, न फोडलेलं.

कुणी ऐकायला नव्हतं. तरी मी बिल डोळ्यांसमोर धरलं आणि ठरवल्याप्रमाणे मोठ्यानं वाचलं, "बडीशेप, दोन पाकिटं."

थांबले. उगाचच थांबले.

मग बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. इतकी वर्षं दात कोरण्यावरून चिडवणारे हे, वर्तमानपत्र खाली न ठेवता म्हणाले, "थांब. दोन कुठं गं? त्या दिवशी पिशवी मीच रिकामी केली. एकच हाय की फळीवर."

मी पाकीट उचललं आणि ओट्यावर ठेवलं. एक म्हणणार होते.

"लाभ," मी म्हटलं.